फारकत की घटस्फोट? सही करण्याआधी काय बघायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. ताईंचं वय ४६, लग्नाला १९ वर्षं झाली. गेली चार वर्षं त्या साताऱ्याला माहेरी राहतात आणि एका पतसंस्थेत नोकरी करतात. पती जिल्हा परिषदेच्या नोकरीत. मुलगी अकरावीला, आईजवळ. पुण्यात दोघांच्या नावावर फ्लॅट, त्याचं कर्ज अजून फिटायचंय. पती म्हणतात, "म्युच्युअल करून टाकू, फक्त पोटगी मागायची नाही." भाऊ म्हणतात, "घटस्फोटाचा शिक्का नको, उद्या मुलीचं लग्न आहे. नुसती कायदेशीर फारकत घे." ताई विचारतात, काय करू?

ताई, भावांची काळजी मला समजते. कौटुंबिक न्यायालयात काम करताना "घटस्फोट नको, नुसती फारकत" हे वाक्य मी सतत ऐकतो. (फारकत म्हणजे लग्न कायम ठेवून कोर्टाच्या हुकुमानं वेगळं राहणं.) त्यामागे समजूत अशी असते की फारकत सोपी असते, लवकर मिळते, खर्च कमी येतो आणि वाटलं तर मागे फिरता येतं. यातलं मागे फिरण्याचं तेवढं खरं आहे. बाकीचं खरं नाही.

हिंदू विवाह कायदा १९५५ मध्ये न्यायिक फारकत कलम १० खाली मिळते आणि घटस्फोट कलम १३ खाली. १९७६ साली कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हापासून दोन्हीची कारणं एकच आहेत: क्रूरता, सलग दोन वर्षं टाकून देणं, व्यभिचार, धर्मांतर वगैरे. म्हणजे नवरा देत नसेल आणि तुम्हाला फारकत मिळवायची असेल, तर जे घटस्फोटासाठी सिद्ध करावं लागतं तेच इथेही सिद्ध करावं लागतं. तसाच अर्ज, समुपदेशकाकडे तशाच फेऱ्या, तसंच पुराव्याचं प्रतिज्ञापत्र आणि तशीच उलटतपासणी. समोरचे वकील मोबाइलमधला फोटो पुढे करतात: "हा गणपतीतला. घर सोडण्याच्या आदल्या वर्षीचा. यात तुम्ही सासूबाईंच्या शेजारी बसून मोदक वळताय. हसताय. बरोबर?" हा प्रश्न उगाच विचारलेला नसतो. क्रूरता माफ करून तुम्ही पुन्हा नांदलात असं कोर्टाला वाटलं, तर ते कारण कलम २३ मुळे बाद होऊ शकतं. फारकत मागितली म्हणून हा प्रश्न कुणी मवाळपणे विचारत नाही.

आणखी एक गोष्ट भावांना सांगा. दोघांच्या संमतीनं घटस्फोट घेण्याची सोय कायद्यात आहे, कलम १३ब. संमतीनं फारकत घेण्याचं असं कलम नाही. त्यामुळे दोघं राजी असतील तेव्हा घटस्फोटाचाच रस्ता सरळ असतो. तुमचे पती निदान तोंडानं तरी राजी आहेत, म्हणून हे आधी सांगितलं.

आता फारकतीनं नेमकं काय होतं ते बघू. हुकूमनामा झाला की एकत्र नांदण्याची सक्ती उरत नाही, पण लग्न कायम राहतं. दोघांपैकी कुणालाही दुसरं लग्न करता येत नाही; केलं तर तो द्विविवाहाचा गुन्हा, भारतीय न्याय संहितेचं कलम ८२, सात वर्षांपर्यंत कैद. पोटगी कलम २५ खाली फारकतीतही मिळते आणि घटस्फोटातही. केस चालू असतानाची अंतरिम पोटगी कलम २४ खाली, तीही दोन्हीकडे. मुलीचा ताबा आणि तिचा खर्च यांतही फरक नाही. पुढे मन बदललं आणि पुन्हा एकत्र यावंसं वाटलं, तर फारकतीचा हुकूम रद्द करून घेता येतो. घटस्फोटानंतर मात्र नव्यानं लग्नच करावं लागतं. ज्यांना खरोखर अजून ठरवता आलेलं नाही, व्यसनमुक्ती किंवा मानसिक आजाराचे उपचार चालू आहेत आणि जोडीदार सुधारेल अशी धुगधुगी आहे, त्यांना मी फारकतीचा मार्ग मनापासून सुचवतो. तुमच्या पत्रात तशी आशा कुठे दिसली नाही. असेल तर तुमचं तुम्हालाच माहीत.

फारकत घेणाऱ्या बहुतेक बायकांना कुणी न सांगितलेली गोष्ट पुढे आहे. कलम १३(१अ) असं सांगतं की फारकतीच्या हुकूमनाम्यानंतर एक वर्ष किंवा त्याहून जास्त काळ दोघं पुन्हा एकत्र नांदले नाहीत, तर दोघांपैकी कुणीही घटस्फोट मागू शकतो. कुणीही म्हणजे ज्याच्या चुकीमुळे फारकत मिळाली तोसुद्धा. "मी त्याला मोकळा करणार नाही, नुसती फारकत घेते" असं म्हणणारी बाई केस लढते, जिंकते आणि नवऱ्याच्या हातात एक वर्षानंतरची किल्ली देऊन बसते. मग तिला क्रूरता नाही, व्यभिचार नाही, काहीच सिद्ध करायला न लागणाऱ्या अर्जाला तोंड द्यावं लागतं.

याला एक अडसर आहे आणि तो तुमच्या उपयोगाचा आहे. हिराचंद श्रीनिवास मानगावकर विरुद्ध सुनंदा या खटल्यात, २००१ साली, सर्वोच्च न्यायालयानं अशा नवऱ्याला घटस्फोट नाकारला. बायकोला व्यभिचाराच्या कारणावरून फारकत मिळाली होती, पोटगीचा हुकूम होता. नवऱ्यानं पोटगीही दिली नाही आणि ते संबंधही सोडले नाहीत, आणि वर्ष उलटल्यावर घटस्फोट मागायला आला. न्यायालय म्हणालं, वर्ष सरलं एवढ्यानं घटस्फोट आपोआप मिळत नाही. स्वतःच्या गैरकृत्याचा फायदा घेता येणार नाही. म्हणून फारकत घ्यायचीच असेल तर पोटगीच्या हुकुमासकट घ्या. पण पोटगी वेळेवर भरणाऱ्या, सरळ राहणाऱ्या नवऱ्याला हा अडसर थांबवू शकत नाही, हेही लक्षात ठेवा.

तर मग फारकतीत राखण्यासारखं काय आहे? वारसाहक्क आणि पेन्शन.

वारसाहक्काचं आधी. फारकत झालेली बायको ही बायकोच असते. नवरा मृत्युपत्र न करता गेला तर हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ प्रमाणे ती विधवा म्हणून वर्ग एकची वारस, मुलांच्या आणि सासूच्या बरोबरीनं. घटस्फोट झाला की हा हक्क संपतो. ऐकायला हे भक्कम वाटतं, पण नवऱ्यानं स्वकष्टार्जित मिळकतीचं मृत्युपत्र भावाच्या नावे केलं की त्यातलं काही उरत नाही. आणि भांडणं कोर्टात गेलेल्या माणसाला मृत्युपत्राचा सल्ला कुणी ना कुणी देतोच.

याची दुसरी बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण तिच्याकडे कुणी बघत नाही. तुम्ही नोकरी करता. तुमचा प्रॉव्हिडंट फंड आहे, ठेवी असतील, फ्लॅटमध्ये अर्धा हिस्सा आहे. फारकत असताना तुम्हाला काही झालं आणि मृत्युपत्र नसेल, तर त्याच उत्तराधिकार कायद्याच्या कलम १५ प्रमाणे तुमच्या कमाईचे पहिले वारस मुलगी आणि पती, दोघं समान. तुम्हाला ज्यांनी चार वर्षं सांभाळलं ते आईवडील त्या ओळीत पतीच्या वारसांच्याही मागे उभे असतात. २००९ साली ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण या निकालात याचं फार कठोर रूप दिसलं. लग्नानंतर तीन महिन्यांत विधवा झालेली, सासरनं बाहेर काढलेली बाई माहेरी येऊन शिकली, नोकरीला लागली आणि मृत्युपत्र न करता गेली. बँकेतले पैसे, फंड, सगळं आयुष्यभराचं. आईनं हक्क सांगितला, पण सर्वोच्च न्यायालयाला कायद्याच्या शब्दाप्रमाणे ते पतीकडच्या वारसांना द्यावं लागलं. म्हणून निर्णय काहीही घ्या, या आठवड्यात मृत्युपत्र करा. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांच्या समोर सही करून केलेलंही चालतं; साक्षीदार लाभार्थी नसावेत. नॉमिनी बदलून भागत नाही. सोसायटीत किंवा बँकेत नॉमिनी हा पैसे वा शेअर ताब्यात घेणारा माणूस असतो, मालकी वारसाकडे किंवा मृत्युपत्रातल्या माणसाकडे जाते.

आता पेन्शन. पती जिल्हा परिषदेत असल्यामुळे तुमच्या बाबतीत हा खरा मुद्दा आहे. ते १ नोव्हेंबर २००५ च्या आधी नोकरीला लागले असतील तर जुनी पेन्शन, म्हणजे त्यांच्या मागे कुटुंब निवृत्तिवेतन. त्यानंतर लागले असतील तर अंशदायी योजना, म्हणजे पगारातून कापलेल्या वर्गणीवरची; तिथलं गणित वेगळं. घटस्फोटित पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन नाही. फारकत झालेल्या पत्नीचा हक्क केवळ फारकतीमुळे जात नाही, पण तिच्यावर व्यभिचार सिद्ध होऊन फारकत झाली असेल किंवा मुलं असतील तर नियम वेगळे लागू होऊ शकतात. त्यांच्या नेमणुकीची तारीख काढा आणि आस्थापना विभागाकडून लागू नियम लेखी घ्या. कुणाच्या तोंडी सांगण्यावर विसंबू नका. मेडिकलच्या प्रतिपूर्तीचंही तसंच. पत्नी म्हणून मिळणारी सवलत घटस्फोटाच्या तारखेला थांबते, तेव्हा स्वतःचा मेडिक्लेम आधीच काढून ठेवा, कारण नव्या पॉलिसीत जुन्या आजारांना थांबावं लागतं.

पेन्शनसाठी फारकत घ्यावी का? माझं मत स्पष्ट आहे: घेऊ नये. जी गोष्ट पती एक वर्षानंतर अर्ज करून काढून घेऊ शकतात तिच्यावर म्हातारपण उभं करू नका. तिची आजची किंमत पैशात काढा आणि घटस्फोटाच्या तडजोडीत मागून घ्या. लग्न टिकवून जे मिळेल असं वाटतं ते लग्न सोडताना रोख किंवा मिळकतीत मिळवणं, एवढंच तुमच्या प्रकरणातलं खरं काम आहे.

म्हणून पतींच्या "पोटगी नको" या अटीवर सही करू नका. एकरकमी पोटगी आणि फ्लॅट यांवर बोला. त्यांनी त्यांचा अर्धा हिस्सा तुम्हाला द्यावा, हा तुमच्यासारख्या प्रकरणांत बऱ्याचदा जुळणारा तोडगा आहे. यात वेळ साधायला लागते. महाराष्ट्रात पती-पत्नींमध्ये राहतं घर बक्षीसपत्रानं दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. स्थानिक अधिभार आणि नोंदणीचा खर्च वेगळा. ही सवलत पती-पत्नी असेपर्यंत. घटस्फोट झाल्यावर बक्षीसपत्र करायला गेलात तर तुम्ही कायद्यानं परक्या, आणि पुण्यातल्या फ्लॅटच्या अर्ध्या किमतीवर पूर्ण दरानं शुल्क म्हणजे लाखांत जातं. म्हणून बक्षीसपत्राची नोंदणी अंतिम हुकूमनाम्याच्या आधी उरकायची, तसं तडजोडीत लिहून घ्यायचं. कर्ज चालू आहे, तेव्हा बँकेची ना-हरकत लागेल. तुमच्या हुकूमनाम्याशी बँकेला देणंघेणं नसतं. कागदावर दोघं कर्जदार आहात तोवर हप्ता चुकला की दोघांच्याही सिबिलवर डाग पडतो. कर्ज कुणी फेडायचं, दुसऱ्याचं नाव कर्जातून कधी काढायचं, हे तारखेसकट लिहा.

संमतीच्या घटस्फोटाची रीत अशी. अर्जाआधी किमान एक वर्ष वेगळे राहिलेले असणं गरजेचं. तुमची चार झाली आहेत. (ज्यांना दुसरं घर परवडत नाही त्यांच्यासाठी: एका छताखाली राहूनही पती-पत्नी म्हणून न राहणं हे "वेगळं राहणं" धरता येतं, सर्वोच्च न्यायालयानं १९९१ साली सुरेष्टा देवी खटल्यात तसं म्हटलं आहे.) अर्जानंतर सहा महिने थांबून दोघांचा कोर्टात दुसरा जबाब. हे सहा महिने माफ करून घेता येतात. २०१७ च्या अमरदीप सिंग निकालानुसार अर्जाआधीच दीड वर्ष वेगळेपणा झालेला असावा, समेटाचे प्रयत्न फसलेले असावेत आणि पोटगी, ताबा हे सगळं मिटलेलं असावं. तुमच्या बाबतीत तडजोड पक्की झाली की सहा महिने माफ करण्याचा अर्ज टिकायला हरकत नाही. एक धोका मात्र आहे: अंतिम हुकूम होईपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतो. त्यामुळे फ्लॅट आधी देऊन बसण्याची भीती त्यांना आणि पैसे न मिळण्याची भीती तुम्हाला. आम्ही यावर रकमेचे टप्पे पाडतो: काही रक्कम अर्ज दाखल करताना, बाकीचा डिमांड ड्राफ्ट कोर्टात जमा, दुसऱ्या जबाबाच्या दिवशी हातात. बक्षीसपत्राची नोंदणीही त्याच सुमाराला ठेवतो.

पती यावर अडून बसले तर? मग आज फारकतही नको आणि घटस्फोटही नको. पोटगीसाठी यातलं काहीच लागत नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेचं पूर्वीचं कलम १२५, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४, याखाली तुम्ही आणि मुलगी खावटी मागू शकता. कौटुंबिक हिंसाचार झाला असेल तर २००५ च्या कायद्याखाली निवासाचा आणि पैशांचा हुकूम मिळतो. दोघांनाही उत्पन्न-मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, २०२० च्या रजनीश विरुद्ध नेहा निकालापासून ते सक्तीचं आहे. पगाराची स्लिप, आयकर विवरणं, बँकेचं स्टेटमेंट, सोनं, कर्जाचे हप्ते, घरखर्च, सगळं त्यात येतं. पती सरकारी नोकर असल्यानं पगार लपवायला वाव कमी. तुमचा पगार तुम्हीही लपवू नका. पतसंस्थेतली नोकरी उलटतपासणीत बाहेर आली की तुमच्या बाकीच्या खऱ्या बोलण्यावरचाही विश्वास उडतो. तुम्ही कमावता म्हणून पोटगी आपोआप नाकारली जात नाही, रक्कम कमी-जास्त होते. एकदा दरमहा वेतनातून कपात सुरू झाली की "पोटगी नको" म्हणणारे लोक बोलायला बसतात, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे.

मुलीच्या लग्नाबद्दल. वडील वेगळे राहतात हे स्थळ बघायला येणाऱ्याला पहिल्या दहा मिनिटांत कळणारच आहे, मग कागदावर फारकत लिहिलेली असो की घटस्फोट. ही कामकाजं कलम २२ प्रमाणे बंद दालनात चालतात, तपशील छापायला बंदी आहे. आणि मुलीचे हक्क तुमच्या निर्णयानं इंचभरही हलत नाहीत. घटस्फोटानंतरही ती वडिलांची वर्ग एकची वारस, वडिलोपार्जित मिळकतीत २००५ च्या दुरुस्तीप्रमाणे मुलाच्या बरोबरीची सहदायाद (जन्मानंच हिस्सेदार), आणि स्वतःचा चरितार्थ चालवू शकत नसेल तर लग्न होईपर्यंत वडिलांकडून निर्वाहाची हक्कदार. तडजोडीत तुम्ही स्वतःची पोटगी सोडू शकाल, तिची सोडण्याचा तुम्हाला अधिकारच नाही. तिचं शिक्षण आणि लग्नखर्च वेगळ्या कलमात, तिच्या नावे ठेव करून घ्या.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो. गावाकडे अजूनही बॉण्डवर लिहून, नोटरीचा शिक्का मारून, पंचांच्या सह्यांनी सोडचिठ्ठी होते. नातेवाईक तुम्हालाही ती सुचवतील, खर्च वाचतो म्हणून. त्या कागदानं लग्न मोडत नाही. एखाद्या समाजात रूढीनं काडीमोड होत असेल तर कलम २९ ती राखतं, पण ती रूढी कोर्टात पुराव्यानिशी सिद्ध करावी लागते, आणि ते फार थोड्यांना जमतं. असा कागद घेऊन दुसरं लग्न केलेल्या बायकांना पुढे पत्नीचा दर्जा नाकारला जातो, त्यांच्या मुलांना वारसाहक्कासाठी झगडावं लागतं.

हे सगळं हिंदू विवाह कायद्याचं झालं. नोंदणी विवाह असेल तर विशेष विवाह कायदा १९५४, त्याची चौकट बरीचशी अशीच. ख्रिस्ती जोडप्यांना १८६९ चा कायदा लागतो, आणि चर्चच्या दृष्टीनं घटस्फोट मान्य नसल्यानं त्यांच्यात फारकतीला श्रद्धेचं खरं कारण असतं. त्याचा मी मान ठेवतो. मुस्लिम स्त्रियांसाठीच्या १९३९ च्या कायद्यात न्यायिक फारकत नाही. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा असल्यानं लग्नातली मालमत्ता सहसा दोघांची सामाईक धरतात, म्हणून तिथल्या फारकतीचा हिशेब मुळातच वेगळा. गोव्याच्याच वकिलाला विचारा. परदेशात राहणाऱ्यांनी तिथल्या कोर्टाचा "संसार मोडला" एवढ्याच कारणाचा एकतर्फी हुकूम घेऊन भारतात निश्चिंत राहू नये. १९९१ च्या नरसिंह राव निकालानंतर असा हुकूम इथे मान्य होईलच असं नाही.

वकिलाकडे पहिल्यांदा जाल तेव्हा विवाह नोंदणी दाखला किंवा लग्नाचे फोटो आणि पत्रिका, फ्लॅटचा करारनामा आणि कर्जाचं ताजं स्टेटमेंट, पतींची असेल ती पगाराची स्लिप, तुमचं तीन वर्षांचं बँक पासबुक आणि मुलीच्या फीच्या पावत्या बरोबर न्या. केस साताऱ्यातच दाखल करता येईल. पत्नी अर्जदार असेल तर ती राहते तिथल्या कोर्टात जाण्याची सोय २००३ पासून आहे. वकिलाची फी जड वाटत असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट नाही.